शाळा समाजाची, मग अधिकार कोणाचा?

वेलचेरी हा दक्षिण चेन्नईतील सखल भाग. एकेकाळी तळे आणि भाताची शेते यांसाठी ओळखले जाणारे हे गाव आज माहिती तंत्रज्ञान क्षेत्रातील नोकरदारांच्या गृहसंकुलांनी, भव्य मॉलने, दुमजली उड्डाणपुलाने आणि उन्नत रेल्वेच्या स्थानकाने गजबजलेले उपनगर झाले आहे. तळ्याचा बराचसा भाग बुजवून शहर उभे राहिले, तरी पाणी आपली जागा विसरलेले नाही. डिसेंबर २०१५ च्या महापुरात आणि पुन्हा डिसेंबर २०२३ मधील ‘मिचाँग’ चक्रीवादळात वेलचेरीच्या रस्त्यांवरून होड्या फिरल्या. अशा वेळी चेन्नईत निवाऱ्यासाठी जी दारे उघडली जातात, त्यांत महापालिकेच्या शाळा आघाडीवर असतात. बाके भिंतीला लागतात, वर्गांत चटया अंथरल्या जातात, मुलांबरोबर आजी-आजोबांचीही पोटे तिथेच भरतात. पाणी ओसरल्यावर फळ्यावर पुन्हा गणिते उमटतात आणि संध्याकाळी फाटकाला कुलूप लागते.

संकटाच्या चार दिवसांत साऱ्या वस्तीची असलेली ही इमारत उरलेल्या दिवसांत कोणाची असते? सार्वजनिक शाळांना समाजाशी जोडण्याचे जे प्रयत्न तमिळनाडू सरकार गेली काही वर्षे करत आहे, त्यांची परीक्षा या प्रश्नावर व्हायला हवी. महाराष्ट्रातील वाचकांनीही तो आपलाच प्रश्न मानायला हवा, कारण अशाच घोषणा आणि अशाच अडचणी आपल्याकडेही आहेत.

ज्या कल्पनेला जगभर ‘कम्युनिटी स्कूल’ म्हणतात, तिचा आशय साधा आहे. मूल शाळेत येते ते आपली भूक, आजार, घरातील ताण आणि वस्तीतील असुरक्षितता बरोबर घेऊन. म्हणून शाळेने शिकवण्याबरोबरच आहार, आरोग्य, समुपदेशन, शाळा सुटल्यानंतरची अभ्यासिका, पालकांसाठी मदत या सेवा एका छताखाली आणाव्यात आणि या साऱ्याची दिशा ठरवण्यात पालकांना व वस्तीला वाटा द्यावा. या कल्पनेला दोन पाय आहेत : सेवा आणि अधिकार. भारतात आपण पहिल्या पायावर बरेच अंतर चालून आलो आहोत, दुसरा मात्र अजून जमिनीला टेकलेला नाही.

तमिळनाडूने सेवांच्या बाबतीत केलेले काम नजरेआड करता येणार नाही. करोनाकाळात मुलांचे शिक्षण तुटले, तेव्हा ऑक्टोबर २०२१ मध्ये ‘इल्लम तेडि कल्वि’, म्हणजे ‘घराच्या शोधात येणारे शिक्षण’, ही योजना सुरू झाली. वस्तीतीलच शिकलेले तरुण, बहुतांशी स्त्रिया, संध्याकाळी दीड तास मुलांना शिकवू लागल्या. मानधन महिन्याला एक हजार रुपये. सप्टेंबर २०२२ मध्ये मदुराईहून मुख्यमंत्री न्याहारी योजना सुरू झाली आणि २५ ऑगस्ट २०२३ पासून ती राज्यातील सुमारे ३१ हजार सरकारी प्राथमिक शाळांपर्यंत पोहोचली. गावांत बचत गटांच्या महिला ही न्याहारी रांधतात, चेन्नईत महापालिकेच्या मध्यवर्ती स्वयंपाकघरांतून ती शाळांत येते. सकाळी सहाला धुण्याभांड्यांच्या कामावर निघणाऱ्या आईला या न्याहारीचे मोल कोणी समजावून सांगण्याची गरज नाही.

अधिकाराच्या बाजूनेही पाऊल पडले, निदान कागदावर. शिक्षण हक्क कायद्याच्या २१ व्या कलमानुसार प्रत्येक सरकारी शाळेत शाळा व्यवस्थापन समिती बंधनकारक आहे. तिच्यात किमान तीन चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात असे कायदा सांगतो. २२ वे कलम या समितीवर शाळा विकास आराखडा तयार करण्याची जबाबदारी टाकते आणि सरकारच्या अनुदानाचा आधार हा आराखडाच असेल असे म्हणते. देशभर या समित्या मुख्याध्यापकांच्या कपाटातील नोंदवहीत जगत असताना तमिळनाडूने २०२२ मध्ये ‘आपली शाळा, आपला अभिमान’ अशी हाक देऊन सुमारे ३७ हजार शाळांत त्या नव्याने निवडल्या. वीस सदस्यांपैकी पंधरा पालक, असे स्वरूप ठरले. २०२४ च्या फेररचनेत माजी विद्यार्थ्यांनाही स्थान मिळाले.

त्याच वर्षाच्या अखेरीस, डिसेंबर २०२२ मध्ये, आणखी एक योजना आली : ‘नम्म स्कूल, नम्म ऊरु पळ्ळि’. उद्योगसमूह, परदेशस्थ तमिळ आणि माजी विद्यार्थी यांनी सरकारी शाळांसाठी देणग्या द्याव्यात, यासाठीचे हे प्रतिष्ठान. अध्यक्षपदी नामवंत उद्योगपती वेणू श्रीनिवासन, प्रसाराचा चेहरा विश्वनाथन आनंद. हेतूबद्दल शंका घेण्याचे कारण नाही. पण एकाच वर्षातील या दोन उपक्रमांत ‘समाज’ या शब्दाचे दोन निराळे अर्थ दडले आहेत. पहिल्यात समाज म्हणजे शाळेत ज्यांची मुले आहेत ते पालक. दुसऱ्यात समाज म्हणजे ज्यांच्याकडे पैसा आहे ते दाते. त्यांची मुले बहुधा या शाळांत नसतात. हे दोन समाज एकमेकांना भेटतात कुठे, हे पाहायचे असेल तर वेलचेरीइतकी योग्य जागा नाही.

येथे गृहसंकुलाच्या आतील मुलांना खासगी शाळेच्या बस नेतात. त्याच संकुलांत स्वयंपाक, साफसफाई, पहारा आणि बांधकाम करणाऱ्यांची मुले महापालिकेच्या किंवा सरकारी शाळेत जातात. त्यांत तमिळ कुटुंबांबरोबर तेलुगू, हिंदी, नेपाळी बोलणारीही आहेत. तळ्याकाठच्या आणि कालव्यालगतच्या वस्त्यांतील कुटुंबांना तर आपण पुढच्या वर्षी याच पत्त्यावर असू की नाही, याचीही खात्री नसते. जलाशय मोकळे करण्याच्या नावाखाली चेन्नईने गेल्या पाव शतकात हजारो कुटुंबांना कण्णगी नगर, सेम्मंचेरी, पेरुंबाक्कम अशा दूरच्या वसाहतींत हलवले. घर हलले की शाळा सुटते, हा तेथील पालकांचा अनुभव आहे. ज्या समाजाच्या पायाखालची जमीनच स्थिर नाही, त्याने शाळेचे व्यवस्थापन करावे असे आपण म्हणतो, तेव्हा त्याला नेमके काय देतो?

बहुतेकदा देतो ते बैठकीचे निमंत्रण. समितीची बैठक कामाच्या दिवशी दुपारी, कारण शाळेचे कर्मचारी त्या वेळी उपलब्ध असतात. चार घरची कामे करणाऱ्या बाईला त्या दुपारची मजुरी सोडून यावे लागते. आल्यावर तिच्यापुढे आधीच लिहिलेला ठराव येतो. शौचालयाची दुरुस्ती हवी, हे तिला मुख्याध्यापकांइतकेच ठाऊक असते, पण ती करण्याचा अधिकार समितीला नसतो. तिची मागणी नोंदवली जाते, संगणकप्रणालीवर चढते आणि वरच्या कार्यालयाच्या निर्णयाची वाट पाहते. दोन-तीन बैठकांनंतर ती येईनाशी झाली, तर आपण अहवालात लिहितो : पालकांत उदासीनता आढळते.

या उदासीनतेचा अभ्यास झालेला आहे. अभिजित बॅनर्जी, एस्थर डफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ‘प्रथम’ या संस्थेबरोबर उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात केलेल्या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० मध्ये प्रसिद्ध झाले. ग्राम शिक्षण समित्यांबद्दल गावोगावी सभा घेऊन माहिती दिली, लोकांना त्यांच्या अधिकारांची जाणीव करून दिली, तर सरकारी शाळा सुधारतील का, हा प्रश्न होता. प्रारंभीच आढळले की बहुसंख्य पालकांना अशी समिती असल्याचेच माहीत नव्हते. काही सदस्यांना तर आपण सदस्य आहोत याचाही पत्ता नव्हता. माहिती देऊनही शाळांच्या कारभारात पालकांचा सहभाग वाढला नाही आणि सरकारी शाळांत मुलांचे शिकणेही सुधारले नाही. मात्र ज्या गावांत तरुणांना मुलांना वाचायला शिकवण्याचे सोपे प्रशिक्षण मिळाले, तेथे स्वयंसेवक पुढे आले आणि वर्गांना आलेली मुले वाचू लागली. गावकऱ्यांना मुलांची काळजी होती. ज्या यंत्रणेवर आपला काही जोर चालत नाही, तिच्याशी डोके आपटण्यापेक्षा हाती लागणारे काम करणे त्यांनी पसंत केले.

अमेरिकेतील अनुभवही असाच बोलका आहे. न्यू यॉर्क शहराने २०१४ पासून मोठ्या प्रमाणावर समुदाय-शाळा उभ्या केल्या. रँड या संशोधन संस्थेने २०२० मध्ये केलेल्या मूल्यमापनात या शाळांतील उपस्थिती वाढली, शालान्त टप्पा पार करणाऱ्यांचे प्रमाण सुधारले, गणितातही काही प्रगती दिसली. वाचनात मात्र लक्षणीय फरक पडला नाही. या योजनेतील एक तपशील आपण विसरतो. तेथे प्रत्येक शाळेत एक पूर्णवेळ पगारी संचालक नेमला गेला. सकाळी गैरहजर मुलाच्या घरी विचारपूस करणे, दवाखान्याशी संपर्क ठेवणे, संध्याकाळचे वर्ग चालवणाऱ्या संस्थांचा मेळ घालणे, हे त्याचे काम. आपल्याकडे हे सारे मुख्याध्यापकाच्या आधीच वाकलेल्या खांद्यावर येते आणि त्याला आपण ‘लोकसहभाग’ असे गोंडस नाव देतो.

लोकांच्या योगदानाला तमिळनाडूत जुनी परंपरा आहे. मद्रास महापालिकेने थाउजंड लाइट्स भागातील आपल्या शाळेत १९२० मध्ये मुलांना जेवण द्यायला सुरुवात केली. के. कामराज यांच्या कारकिर्दीत, १९५६ मध्ये, मध्यान्ह भोजनाचा राज्यव्यापी विस्तार सुरू झाला, तेव्हा त्यात लोकवर्गणीचा मोठा वाटा होता. १९५८ पासून शिक्षण संचालक एन. डी. सुंदरवडिवेलू यांच्या पुढाकाराने शाळा सुधार परिषदा भरू लागल्या; गावांनी जमिनी, इमारती, बाके, गणवेश दिले. आजच्या देणगी-प्रतिष्ठानाचे समर्थक याच काळाचा दाखला देतात. पण त्याच काळात सरकार स्वतः हजारो नव्या शाळा उघडत होते आणि शिक्षक नेमत होते. लोकांची वर्गणी सरकारच्या वाढत्या खर्चात भर घालत होती, त्याची जागा घेत नव्हती. पुढे १९८२ मध्ये एम. जी. रामचंद्रन यांनी पोषण आहाराचा भार सरकारी तिजोरीवर घेतला, तेव्हा मुलाचे जेवण दात्याच्या इच्छेवर अवलंबून राहिले नाही. दानापासून हक्कापर्यंतचा हा प्रवास तमिळनाडूची खरी कमाई आहे. तो उलट्या दिशेने सुरू होऊ नये.

तशी भीती वाटण्यास कारण आहे. ‘पीएम श्री’ शाळांच्या करारावर तमिळनाडूने स्वाक्षरी न केल्यामुळे केंद्राने समग्र शिक्षा अभियानाचा २०२४-२५ मधील दोन हजार कोटींहून अधिकचा वाटा रोखला आणि राज्याला मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. त्रिभाषा सूत्राच्या वादात कोणाची बाजू बरोबर, हा स्वतंत्र विषय. पण याच अभियानातून शाळांना पटसंख्येनुसार वर्षाला १० हजार ते एक लाख रुपयांचे अनुदान मिळते. खडू, झाडू, नळ, विजेचे बिल या रोजच्या गरजा त्यातून भागतात. केंद्र आणि राज्य यांच्या झुंजीत हा पैसा अडकला, तर शाळेपुढे वस्तीकडे हात पसरण्यावाचून दुसरा मार्ग उरत नाही. मग ज्या शाळेच्या आसपास मॉल आणि कार्यालये आहेत तिला दाता मिळतो. पेरुंबाक्कमच्या पुनर्वसन वसाहतीतील शाळेला तो कुठून मिळणार?

समाजाच्या हाती अधिकार देण्याविरुद्धचा एक आक्षेप मात्र गंभीर आहे आणि तो टाळून पुढे जाता येणार नाही. समाज म्हणजे काही निर्मळ, एकजिनसी वस्तू नव्हे. सप्टेंबर २०२३ मध्ये करूर जिल्ह्यातील एका शाळेत दलित महिलेने रांधलेली न्याहारी आपल्या मुलांनी खाऊ नये, असा पवित्रा काही पालकांनी घेतला. जिल्हाधिकाऱ्यांनी तेथे जाऊन त्यांना कायद्याची समज दिली. तेथील पालकांच्या बहुमतावर हा निर्णय सोडला असता तर काय झाले असते? जात, ठेकेदारी आणि स्थानिक पुढाऱ्यांची सत्ता या गोष्टी शाळेच्या फाटकाबाहेर थांबत नाहीत. म्हणूनच कोणते प्रश्न समाजाने ठरवायचे आणि कोणते राज्यघटनेने आधीच ठरवून टाकलेले आहेत, याची रेघ स्पष्ट हवी. कोणी रांधावे, कोणी कोणाशेजारी बसावे, कोणाला प्रवेश मिळावा, यांवर मतदान होऊ शकत नाही. पैसा आधी शौचालयावर खर्चावा की अभ्यासिकेवर, फाटक किती वाजेपर्यंत उघडे ठेवावे, बैठक कोणत्या दिवशी घ्यावी, हे ठरवण्यासाठी मात्र नुंगमबाक्कमच्या संचालनालयाची गरज नसावी. आज नेमके उलटे घडते : जे लोकांनी ठरवायचे ते सचिवालयात ठरते, आणि जे राज्याने ठामपणे राखायचे ते एखाद्या अधिकाऱ्याच्या धैर्यावर सोडले जाते.

महाराष्ट्राला या चर्चेत प्रेक्षक म्हणून बसता येणार नाही. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये काले येथे रयत शिक्षण संस्थेची मुहूर्तमेढ रोवली. घरोघरच्या मूठभर धान्यावर वसतिगृहे चालली, लक्ष्मीबाईंनी मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी बोर्डी-कोसबाडला आदिवासी मुलांच्या अंगणात आणि गुरे चारण्याच्या कुरणातच शाळा नेली. आजही पुणे जिल्ह्यातील जालिंदरनगरची जिल्हा परिषद शाळा लोकसहभागाच्या बळावर २०२५ मध्ये जागतिक पुरस्काराच्या यादीत झळकते. ही उदाहरणे अभिमानाची आहेत. पण त्यांच्या जोरावर शासनाने काय केले? सप्टेंबर २०२३ मध्ये एकीकडे उद्योगसमूहांनी शाळा दत्तक घ्याव्यात अशी योजना जाहीर झाली आणि त्याच महिन्यात वीसपेक्षा कमी पटाच्या शाळांचे ‘समूह शाळे’त रूपांतर करण्याचे प्रस्ताव मागवले गेले. वाडीवरची शाळा म्हणजे त्या वाडीतील बहुधा एकमेव सार्वजनिक इमारत. ती बंद करायची की ठेवायची, याविषयी त्या शाळेच्या व्यवस्थापन समितीचे मत निर्णायक ठरेल, असे कोणी म्हटले नाही. दत्तक हा शब्दही विचार करण्यासारखा आहे. दत्तक अनाथाला घेतात. ज्या शाळेचे आईबाप दर बैठकीला दारात उभे आहेत, ती अनाथ कशी?

शहरांची स्थिती तर अधिक बिकट. चेन्नईत २०२२ मध्ये महापालिकेची निवडणूक झाली आणि चारशेहून अधिक शाळा चालवणाऱ्या या संस्थेला निदान लोकप्रतिनिधी मिळाले. त्याच वर्षी मुंबई-पुण्याच्या महापालिकांची मुदत संपली आणि पुढे कित्येक वर्षे कारभार प्रशासकांच्या हाती राहिला. वाकड, हिंजवडी, खराडी या भागांत वेलचेरीचेच चित्र आहे : उंच इमारती, त्यांत राबणारे स्थलांतरित, आणि कोपऱ्यातली एक सरकारी शाळा. फरक एवढाच की वेलचेरीच्या मुलाला सकाळी शाळेत गरम पोंगल किंवा उपमा मिळतो.

मग करावे काय? पहिली गोष्ट, शिक्षण हक्क कायद्याचे २२ वे कलम अक्षरशः अमलात आणावे. समितीने केलेला शाळा विकास आराखडा महापालिकेच्या किंवा जिल्हा परिषदेच्या अंदाजपत्रकाशी जोडला जावा. एखादी मागणी नाकारली तर तिचे कारण लेखी मिळावे. दुसरी, प्रत्येक समितीला छोटा का होईना, पण अबंधित निधी वेळेवर मिळावा. नळ दुरुस्त करण्याचा निर्णय आपण घेतला आणि आठवड्यात नळ वाहू लागला, हा अनुभव पालकाला पुढच्या बैठकीला खेचून आणतो. तिसरी, मोठ्या शहरी शाळांत एक पूर्णवेळ पगारी समाज-समन्वयक असावा. ‘इल्लम तेडि कल्वि’तून तयार झालेल्या आणि साथ ओसरल्यावर योजनेचा आवाका आकसल्याने बाजूला पडलेल्या अनुभवी स्त्रियांतून अशी माणसे सहज मिळतील; मात्र त्यांना हजार रुपयांचे मानधन नको, वेतन हवे. चौथी, देणग्या एकाच राज्यस्तरीय कोषात याव्यात आणि त्यांचे वाटप शाळेच्या गरजेनुसार व्हावे. दात्याचे नाव भिंतीवर लागायला हरकत नाही, पण शाळा निवडण्याचा हक्क त्याच्याकडे नको. आणि पाचवी, बैठका रविवारी किंवा संध्याकाळी, पालकांना समजेल त्या भाषेत व्हाव्यात.

यांतील कोणत्याही उपायाला नवी घोषणा लागत नाही. थोडा पैसा आणि बराच विश्वास लागतो. पैशाची अडचण सरकारे उघडपणे सांगतात, विश्वासाची सांगत नाहीत. शिक्षण न झालेली पालक-स्त्री शाळेचा कारभार काय पाहणार, ही शंका अनेक कार्यालयांत दबक्या आवाजात ऐकू येते. ती स्त्री महिन्याच्या तुटपुंज्या कमाईत घरभाडे, औषधपाणी आणि मुलांची वह्या-पुस्तके यांचा हिशेब जुळवते. शाळेच्या एक लाखाचा हिशेब तिला जमणार नाही, असे मानण्याला आधार काय?

ईशान्य मोसमी पाऊस दरवर्षी येतो आणि वेलचेरीत पुन्हा पाणी भरण्याची धास्ती असते. महापालिका निवारा केंद्रांची यादी तयार ठेवते आणि त्या यादीत शाळा असतात. त्या रात्री फाटक उघडण्यासाठी कोणी ठराव मागत नाही. पूर नसलेल्या संध्याकाळीही, अभ्यासाला जागा नसलेल्या मुलासाठी आणि कामावरून उशिरा परतणाऱ्या त्याच्या आईसाठी, ते फाटक उघडे राहिले आणि त्याची किल्ली ठेवण्यात त्या आईचाही वाटा असला, तर ती शाळा समाजाची झाली असे म्हणता येईल. तोवर आपण समाजाकडून श्रम आणि वर्गणी घेतो आहोत. शाळा त्याला दिलेली नाही.